दर पावसाळ्यात पोथ्यांवर बुरशी परत का येते, आणि ती थांबवायची कशी

दसऱ्याला पोथ्या बाहेर काढल्या, झटकल्या, ऊन दाखवले, कपाटात कडुलिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या टाकून पुन्हा बांधून ठेवल्या. पुढच्या श्रावणात कपाट उघडावे तर तोच कुबट वास, कडांवर तीच पांढरट-हिरवी लव, आणि मधली चार पाने एकमेकांना चिकटलेली. मग पुन्हा दसऱ्याला झटकणे. राजापूर असो, सावंतवाडी असो की पेडणे, ज्यांच्या घरात किंवा देवस्थानात जुनी हस्तलिखिते आहेत त्यांची तक्रार बहुतेक हीच असते.

बुरशी परत येते कारण साफसफाई पोथीची होते आणि ओल खोलीतच राहते. बुरशीचे बीजाणू हवेत बारा महिने असतात, ते कोणालाच हटवता येत नाहीत. सापेक्ष आर्द्रता (त्या तपमानाला हवा जितके बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के तिच्यात आहे ते) ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की ते रुजतात. खाली उतरली की निपचित पडतात, मरत मात्र नाहीत. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ८५-९० टक्क्यांची असते. त्यामुळे पुढे जे काही लिहिले आहे त्याचा हेतू एकच आहे: पोथीभोवतीची वीतभर हवा ६५ च्या खाली ठेवणे. अख्खी खोली कोरडी करायला जाल तर पैसा पुरणार नाही. वीतभर हवेचे जमते.

पोथी म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे पारायणाच्या छापील प्रती नाहीत, त्या पुन्हा विकत मिळतात. मी बोलतोय ते वैद्यकी चालवणाऱ्या घराण्यांच्या औषधांच्या बाडांबद्दल, गुरांच्या दुखण्यांवरच्या नोंदींबद्दल, पाऊसपाण्याचे आडाखे लिहिलेल्या वह्यांबद्दल, मोडीतल्या रुमालांबद्दल, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांबद्दल. यांची दुसरी प्रत बहुधा नसतेच. अशा बाडात काढ्याच्या वनस्पतीचे नाव शाबूत राहिले आणि मापाचा शब्द बुरशीने खाल्ला तर उरलेले वाक्य निरुपयोगीच नव्हे, धोक्याचे होते. एका तोळ्याचे बारा मासे आणि एका माशाच्या आठ गुंजा. तोळा की मासा हे कळले नाही तर औषध बारापट होते.

लेखी पुराव्याची किंमत काय असते ते हळदीच्या प्रकरणात दिसले. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिले, ३२ संदर्भ पुढे ठेवले, त्यांत काही शंभर वर्षांहून जुने संस्कृत आणि उर्दू होते, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजी हळद लावायची हे सांगून चालले नसते. कागद दाखवावा लागला. पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय २००१ साली उभे राहिले ते याच अनुभवातून. पण त्यात मुख्यतः छापील, प्रमाण ग्रंथांतली माहिती आहे. तुमच्या माळ्यावरचे बाड त्यात नाही.

आधी नक्की करा: बुरशीच आहे ना?

भिंतीवरची पांढरी भुकटी बहुतेक वेळा लोणा असतो, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार. तो कुरकुरीत असतो आणि पाण्यात विरघळतो. तो दिसला तर ती भिंत पाणी ओढते आहे एवढे पक्के समजा. कागदावरची लव मऊ असेल, बोट लावल्यावर फासली जात असेल, तर बुरशी जिवंत आहे. कोरडी असून भुकटीसारखी उडत असेल तर ती झोपलेली आहे. पानांत टाचणीच्या टोकाएवढे फिकट, पळणारे जीव दिसले तर ते कागदापेक्षा बुरशी खायला आलेले असतात. ते दिसणे म्हणजे ओल बरेच दिवस आहे. पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा पातळ झाला असेल तर ती कसर, म्हणजे कागद खाणारी चंदेरी कीड. गोल, आरपार भोके आणि खाली ताजी पीठासारखी भुकटी असेल तर भुंगेऱ्याची अळी आत जिवंत आहे. मातीचे बोगदे दिसले तर वाळवी, आणि मग हा लेख बाजूला ठेवून आजच्या आज ती पोथी तिथून हलवा. वाळवी कपाटाच्या पाठीमागून येते आणि बाहेरची पाने शाबूत ठेवून आतले खाते, त्यामुळे वरून पाहून समाधान मानू नका.

मोजमाप

काही शे रुपयांत डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. एक कपाटात ठेवा, एक खोलीत. स्वस्त यंत्र पाच-सात टक्क्यांनी सहज चुकते, म्हणून आधी तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा, मापकासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ हवा. ८० दाखवला तर यापुढे प्रत्येक आकड्यातून पाच वजा करा.

मग रोज सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. कंटाळवाणे आहे, पण सगळे निदान या वहीत असते. कपाटातला आकडा खोलीपेक्षा जास्त येत असेल तर ओल कपाटाच्या पाठीमागच्या भिंतीतून येते आहे, किंवा तुम्ही ओलसर पोथ्याच आत बंद केल्या आहेत. दोन्ही आकडे जोडीने चढत-उतरत असतील तर बाहेरची हवा थेट आत शिरते आहे. रात्री आकडा उडी मारत असेल तर तपमानाचा खेळ आहे, त्याबद्दल पुढे.

ओल कुठून येते

जांभ्याची भिंत पाणी पिते, हे कोकणात कोणाला सांगायला नको. पूर्वी त्यावर चुन्याचा गिलावा असे; तो पाणी घेई आणि सोडीही. आता त्याच चिऱ्यांवर सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत ऑइलपेंट. पाण्याला बाहेर पडायची वाट उरत नाही, म्हणून ते भिंतीतूनच वर चढते आणि गिलावा संपतो तिथे, म्हणजे नेमके तुमच्या फडताळाच्या उंचीवर, बाहेर येते. भिंतीतले फडताळ दिसायला सुंदर असते, पण पावसाळ्यात पोथ्यांसाठी घरातली सर्वांत वाईट जागा तीच.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी करा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि जमिनीपासूनही वीतभर उचला. पश्चिमेची आणि नैऋत्येची भिंत टाळा, झड तिकडूनच येते. माजघर हे ओटी-पडवीपेक्षा कोरडे असते, कारण त्याला बाहेरची भिंत नसते. जुन्या माणसांनी किमती वस्तू तिथे ठेवल्या त्या केवळ चोरांच्या भीतीने नव्हे. वळचणीच्या पागोळ्या पायाशीच पडत असतील तर पन्हळ लावा. कौले मे महिन्यात परतून घ्या. गळती जूनमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता एक गैरसमज. ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला ऑक्टोबर ते मे बरोबर आहे आणि पावसाळ्यात उलटा पडतो. बाहेर ९० टक्के आर्द्रता असताना खिडकी उघडणे म्हणजे ओलीला आवतण देणे. पावसाळ्यात खिडक्या बंद, पंखा चालू. आतलीच हवा हलती राहिली तरी बुरशीला कोपरा सापडायला वेळ लागतो.

एसीबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण ज्या छोट्या वाचनालयांना देणगीतून एसी मिळतो तिथे प्रश्न कित्येकदा वाढतो. २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा साधारण २५ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की तिच्यातले पाणी तिथे सुटते. दिवसभर २२-२३ वर एसी चालवून संध्याकाळी कुलूप लावून घरी गेलात की गार झालेल्या पोथ्यांवर आणि लोखंडी कपाटावर रात्री दव धरते. दिवसा चालू आणि रात्री बंद, हे एसी नसण्यापेक्षा वाईट. चोवीस तास चालवता येत नसेल तर त्या पैशांत बाष्पशोषक यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर घ्या. त्याची टाकी रोज रिकामी करावी लागते आणि वीज गेली की ते थांबते, पण ते गारवा करत नाही, म्हणून निदान दव तरी धरत नाही.

वीतभर हवा कोरडी कशी ठेवायची

दोन वाटा आहेत.

पहिली जुनी आहे: ऊब. चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवलेल्या वस्तू पावसाळ्यात टिकत, त्यामागे धुराइतकेच उबेचे गणित होते. २८ अंश आणि ८५ टक्क्यांची हवा ३३ अंशांपर्यंत तापली तर तिच्यातले पाणी तेवढेच राहूनही आर्द्रता ६४ च्या आसपास येते. पाच अंशांनी काम होते. कपाटात पिवळा बल्ब लावण्याची युक्ती याच कारणाने चालते, पण कापड आणि कागदाशेजारी तापलेला बल्ब म्हणजे आगीला निमंत्रण. विजेच्या पॅनेलमध्ये बाष्प धरू नये म्हणून बसवतात तसला कमी वॅटचा हीटर, थर्मोस्टॅटसह, कपाटाच्या तळाशी जाळीच्या आड, वायरमनकडूनच बसवून घ्या. उबेने कागद जरा लवकर म्हातारा होतो हे खरे. पण चार महिन्यांची ऊब आणि चार महिन्यांची बुरशी यांत मी ऊब निवडीन.

दुसरी वाट थोड्या पोथ्यांसाठी जास्त भरवशाची: रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. पन्नास लिटरच्या डब्याला सुमारे किलोभर जेल, आणि आत मापक, बाहेरून दिसेल असा. उघड्या कपाटात बुटांच्या खोक्यातल्या चार पुड्या टाकून काहीही होत नाही, सगळा कोकण त्या पुड्या कोरडा करणार आहेत का? डबा भरायचा तो जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी, पोथ्या खोलीत आठवडाभर उघड्या राहिल्यानंतर. प्लास्टिक आत जे असेल तेच धरून ठेवते: कोरडे बंद केले तर कोरडे, ओलसर बंद केले तर ओलसर. म्हणून जुलैत घाईने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पोथी हमखास सडते. डब्यातला आकडा ४० च्या खाली जाऊ लागला तर थोडे जेल काढून घ्या. फार कोरड्या हवेत ताडपत्रे तडकतात. जेल नारिंगी रंगाचे घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असते, आणि जेल पुन्हा तापवून वाळवायचे असते तेव्हा ते स्वयंपाकाच्या भांड्यात कोणतेच नको.

वेष्टनासाठी मांजरपाट. पण आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ काढून टाका, कारण खळ हे कसरीचे आवडते खाणे आहे. परंपरेचे लाल कापड ठेवायचे असेल तर बाहेरून ठेवा, आत मांजरपाट; ओल लागली की कच्चा लाल रंग पानांवर उतरतो. वर-खाली लाकडी फळ्या आणि मध्यम घट्ट दोरी. सैल बांधलेल्या पोथीत हवा आणि किडे दोन्ही शिरतात. लेखकूंनी पोथीच्या शेवटी लिहून ठेवलेला श्लोक पुष्कळांना पाठ असेल: ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्। मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम्॥’ तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात, तक्रारींचा हा क्रम आजही बदललेला नाही.

पाला, वेखंड, कापूर: कशाचा किती उपयोग

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, जिथे सरफोजीराजांच्या काळापासून मराठी आणि मोडी कागदही जपले गेले आहेत, वेखंड, काळे जिरे, दालचिनी, लवंग, मिरी आणि कापूर यांच्या पुरचुंड्या वापरण्याची पद्धत आहे. या उग्र वासांनी किडे दूर राहतात, म्हणून वापरायला हरकत नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या. पुरचुंडी कागदाला टेकता कामा नये. आणि वासाने बुरशी थांबत नाही, पोथीच्या आत शिरलेली अळीही मरत नाही. कडुलिंबाचा पाला सावलीत चुरा होईपर्यंत वाळलेला हवा. अर्धा ओला पाला म्हणजे कपाटात ठेवलेले पाणीच. हळद भुरभुरू नका, डाग जात नाही.

ताडपत्राला गवती चहाच्या जातीचे तेल लावतात ते पाहून कागदाला तेल लावणारे भेटतात. कागदाला कधीही नाही. डेटॉल, सॅनिटायझर, ब्लीच, ओले फडके यांतले काहीच नाही. जुनी काळी शाई काजळी आणि डिंकाची: उन्हाने उडत नाही, वर्षानुवर्षे काळीभोर राहते, पण पाणी लागले की डिंक सुटतो आणि अक्षरे वाहतात. झेरॉक्सच्या दुकानातले लॅमिनेशन आणि सेलोटेप यांनी झालेले नुकसान बुरशीपेक्षाही वाईट, कारण ते परत काढताच येत नाही.

बुरशी आलेलीच आहे, मग?

ती पोथी वेगळी करा. जिवंत, मऊ बुरशी झटकायची नाही, ती पानभर फासली जाते. आधी कोरड्या खोलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर, सावलीत सुकू द्या. लव भुकटीसारखी झाली की मऊ केसांच्या ब्रशने पानाच्या मध्यातून बाहेरच्या दिशेने, घराबाहेर आडोशाला, एन-९५ मास्क लावून झटका. दम्याच्या माणसाने हे काम करू नये. पिवळ्या रंगाचे लेप असलेल्या पानांना हातमोजे घालूनच हात लावा: तो हरताळ आहे, म्हणजे आर्सेनिक. जुन्या कपाटांतली पांढरी पूड डीडीटी हे विषारी कीटकनाशक असण्याचीही शक्यता असते, तिला चुना समजू नका. डाग राहतील. राहू द्या. अक्षर वाचता येते ना, मग डागाशी भांडू नका.

कडक उन्हात पोथी पसरू नका, पाने वाकतात आणि ठिसूळ होतात. वाळवणाचा खरा काळ पावसानंतरचा. जैनांच्या ज्ञानभांडारांत, म्हणजे ग्रंथसंग्रहांत, कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, ग्रंथ बाहेर काढून झाडण्या-पुजण्याची रीत आहे; दिवस मोठ्या अकलेने निवडलेला आहे.

अळी लागलेली कागदी पोथी हवाबंद पिशवीत घालून उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवली तर अळी आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक पूर्ण दिवस उघडायची नाही, नाहीतर दव धरेल. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हे होत नाही, आणि बुरशी याने मरत नाही.

श्रावणाचा पेच

ऐन पावसाळ्यातला ओला महिना आणि पोथी लावण्याचा महिना एकच. समईचे तेल, ओली फुले, गंध-अक्षता, पानाला लागलेले ओले बोट. मूळ हस्तलिखित डब्यातून काढून रोज पाटावर मांडले तर वर लिहिलेले सगळे पाण्यात जाते. हे घरच्या ज्येष्ठांशी बोलायला अवघड असते. मार्ग निघतो: मूळ पोथी मेमध्येच नीट फोटो काढून ठेवा, वाचनाला मोठ्या अक्षरांतली छापलेली प्रत घ्या, आणि पूजेसाठी मूळ पोथी बंद डब्यासकट मांडा. गंध डब्याला लावा. आक्षेप येतो, पण चिकटलेली पाने दाखवली की सहसा मावळतो.

फोटो काढताना खिडकीतला उजेड पुरतो, फ्लॅश नको. प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू, कोरी असली तरी. शेजारी मोजपट्टी. पान दाबून सपाट करू नका. फाइलच्या नावात पोथी, पान आणि बाजू लिहा, आणि प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवा. फोटो म्हणजे वाचन नव्हे. मोडी वाचणारे आणि वनस्पतींची स्थानिक नावे ओळखणारे घरात कोणी असेल तर फोटोंसोबत त्यांचा आवाजही नोंदवून घ्या.

पाणीच शिरले तर

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत हे भोगले आहे. भिजलेल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरते. तेवढ्या वेळात सगळे वाळवणे अशक्य, म्हणून निवड करा: ज्याची दुसरी प्रत नाही ते आधी. ओल्या पोथीची पाने सोडवू नका. तशीच पिशवीत घालून ओळखीच्या मासळीच्या किंवा आइस्क्रीमच्या शीतगृहात गोठवा. गोठले की घाई संपते. पूररेषा ठाऊक असलेल्या गावात तळमजल्यावर हस्तलिखित ठेवणे मात्र कशानेही समर्थनीय नाही.

जाणकाराकडे कधी न्यायचे

पाने चिकटून वीट झाली असेल, शाईने कागद जाळून अक्षराच्या जागी भोके पडली असतील, किंवा ताडपत्र असेल, तर घरी हात लावू नका. २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने देशभर संवर्धन केंद्रे उभी केली, पुण्यात भांडारकर संस्थेसारख्या जुन्या संस्था आहेत; ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित मिशनच्या व्याख्येत बसते. देण्याआधी पाने मोजा, पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो घ्या, आणि पोच लेखी घ्या, त्यात पानांचा आकडा, परत करण्याची तारीख आणि स्कॅनवर हक्क कोणाचा हे नमूद करून. औषधाचे बाड असेल तर शेवटचा मुद्दा तोंडी बोलण्यावर सोडू नका.